सुनेच्या डोक्यातला दोरा

९ जानेवारी

पँटला दोन क्रीज! एकाच पायाला दोन! चाळीस वर्षं इस्त्री धरली या हातानं, पण असली पँट आमच्या लाँड्रीतून कधी बाहेर पडली नव्हती. बँकेतल्या टकलूनं ती काउंटरवर आपटली आणि म्हणाला, "आजी, हे काय, रेल्वेचे रूळ?" सगळी गिऱ्हाइकं हसली. मी पण हसले, नाइलाज. मग आत जाऊन सुनेला धरलं. म्हटलं, "डोळे कुठे ठेवून आलीस? माहेरी?"

तिनं पँट घेतली, पाणी शिंपडलं, पुन्हा इस्त्री केली. एका डोळ्यानं! दुसरा मिटून! नखरे बघा.

असो. नमस्कार, वही. नातीची तू, गणिताची, अर्धी कोरी. नवी मिळाली म्हणून तिनं तुला टाकलं. नऊ वर्षांची आहे, दिवसभर कलकल करते, मी तिला टिटवी म्हणते. चांगला कागद असा टाकतात होय? मी चौथी शिकले. शुद्धलेखन तपासायचं असेल तर दुसरं घर बघ.

नवरा जाऊन तीस वर्षं झाली. तेव्हापासून या घरात उत्तरं मीच देते. शाळेत, दवाखान्यात, गिऱ्हाइकाला. लेक मऊ. त्याला लहानपणापासून ढेप म्हणतात, कारण गुळासारखा थेंबभर पाण्यानं विरघळतो. सून गप्प. मग कुणीतरी तोंड चालवायला नको?

१२ जानेवारी

सुनेनं चहा कपाच्या शेजारी ओतला. कप कोरडा, टेबल ओलं. म्हटलं, "टेबलाला तहान लागली होती का गं?"

१५ जानेवारी

हात भाजला. सुनेचा. उजवा, तळव्यापासून बोटांपर्यंत.

मी शेजारच्या टेबलावर शर्टांच्या कॉलरी इस्त्री करत होते. तिनं इस्त्री उचलायला हात घातला तो मुठीवर पडलाच नाही. शेजारी पडला, तापलेल्या पत्र्यावर. ओरडली पण नाही नीट. मी हात नळाखाली धरला आणि तोंड सुरू केलं — आंधळी आहेस का, मूठ केवढी, पत्रा केवढा...

ती म्हणाली, "दोन दिसल्या, आई. मला वाटलं ही खरी."

नळ तसाच चालू राहिला.

"कधीपासून दिसतात दोन?"

"चार महिने झाले."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, लक्ष नाही तुझं. मला पण तसंच वाटलं."

एक डोळा मिटला की दुसरी वस्तू जाते म्हणे. म्हणून मिटत होती. आणि मी नखरे म्हटलं. वर लिहिलंय तेच. खोडणार नाही. राहू दे तसंच.

१७ जानेवारी

डोळ्यांचा डॉक्टर गमत्या निघाला. आधी दोन विनोद केले. मग सुनेला म्हणाला, बोटाकडे बघा, डोकं हलवू नका. बोट डावीकडे नेलं. उजवा डोळा गेला, डावा मधेच थांबला, बांधून ठेवलेल्या वासरासारखा. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा थांबला. नंतर विनोद नाही. चिठ्ठी लिहून दिली — डोक्याचा फोटो काढा, या आठवड्यातच.

चष्म्याचं काम असतं तर हसला असता.

२५ जानेवारी

मोठं रुग्णालय. डोक्याचा डॉक्टर इतका उंच की दारातून वाकून आला. मी मनात त्याचं नाव ताड ठेवलं. त्यानं फोटो पडद्यावर लावला. करड्या करड्या ढगात एक पांढरं, अक्रोडाएवढं. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी. त्याच्या मागे लगेच मेंदूचा देठ. श्वास, गिळणं, सगळं तिथून चालतं. अक्रोड त्या देठाला रेटतंय. डोळ्याची शीर मधे सापडलीय.

नाव सांगितलं, कॉर्डोमा. म्हणाला, "आईच्या पोटात बाळाचा कणा व्हायच्या आधी तिथे एक दोरी असते. कणा झाला की ती विरून जाते. यांच्यात तिचा एक तुकडा राहिला. इतकी वर्षं निपचित होता, आता वाढतोय."

मी म्हटलं, "म्हणजे कपडा शिवून झाला आणि कच्चा धावदोरा काढायचा राहिला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "हो. साधारण तसंच."

"किती जणांना होतं हे?"

"दहा लाखांत एखाद्याला."

आमच्या घरात साधा वर्गात नंबर आला नाही कधी कुणाचा. आला तो असा.

मग त्यानं सुनेला विचारलं, डोकं दुखतं का? मी म्हटलं, दुखत असणार, ही सांगत नाही. गिळताना अडकतं? मी म्हटलं, नाही, जेवते नीट. तो म्हणाला, "आजी, मी त्यांना विचारतोय." मी म्हटलं, "मी तेच सांगतेय की." सून जमिनीकडे बघत बसली. तिला जमिनीही दोन दिसत असतील.

ढेप बाहेरच्या बाकावर बसून रडला. अडतीस वर्षांचा घोडा. मी त्याला रुमाल दिला आणि म्हटलं, "आवर. टिटवीला काय सांगायचं ते ठरव." ठरलं मात्र मीच — आईच्या नाकात काहीतरी अडकलंय, ते काढणार.

जिना मी दोन्ही हातांनी कठडा धरून उतरले. हा म्हातारपणाचा भाग आहे, असं मी वाटेत एका बाईला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

सकाळी आठला आत नेली. कवटी उघडणार नाहीत. नाकातून जाणार — कॅमेरा, बारीक हत्यारं, दोन डॉक्टर. मी ताडला म्हटलं, "एवढ्या डोक्यात शिरायला नाकाचीच वाट मिळाली?" म्हणाला, "सगळ्यात जवळची तीच, आजी."

बसायची जागा — हिरव्या खुर्च्या, जमिनीला स्क्रूनं आवळलेल्या. कुणी उचलून नेऊ नये म्हणून की रागानं फेकू नये म्हणून, कोण जाणे. नऊ तास. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम. दुसऱ्याचं नाव आलं की सुटल्यासारखं वाटतं, मग त्याचीच लाज वाटते.

ढेपेनं चार वेळा विचारलं, "आई, काय होईल?" चारही वेळा म्हटलं, "नीट होईल." मला कुठे काय ठाऊक! पण उत्तर हवं होतं ना त्याला.

पाचला ताड बाहेर आला. नाकावर मास्कचा वळ. "बरंचसं निघालं. दोन दाणे ठेवावे लागले. एक देठाला चिकटलेला, एक बाजूला, कानाच्या मागच्या अंगाला. ओढले असते तर देठ फाटला असता. त्यांच्यावर नंतर किरणं देऊ." आणि नाकाच्या मागे जे भोक राहिलं, त्याला तिच्याच मांडीचं ठिगळ लावलंय.

तांदळाच्या दाण्याएवढे दोन. पुढच्या पिकाला बियाणं ठेवलंय म्हणायचं.

१८ फेब्रुवारी

घरी आणली. कागदभर नियम, कपाटाच्या दाराला चिकटवले. वाकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. जोर करायचा नाही. टिटवी तोंड उघडून शिंकायची तालीम करते, सगळ्यांच्या अंगावर.

२० फेब्रुवारी

रुग्णालयातून सिस्टरचा फोन. फोन सुनेच्या उशाशी होता, उचलला मी. कशी आहे, खाते का, झोपते का — सांगितलं सगळं. मग विचारलं, नाकातून पाण्यासारखं गळतं का? घशाशी खारट लागतं का? म्हटलं, सर्दी आहे थोडी, लाँड्रीच्या वाफेनं तिला बारा महिने सर्दीच. "त्यांना फोन देता का?" म्हटलं, झोपलीय. झोपली नव्हती, पण सारखं काय त्रास द्यायचा!

सिस्टर खूश झाली असावी. एवढी सरळ उत्तरं रोज कुठे मिळतात.

२३ फेब्रुवारी

ताप. मान वाकेना. पडदे ओढा म्हणाली, उजेड टोचतो. उशीची एक बाजू चिंब. मी हात लावला, वास नाही, रंग नाही, नुसतं पाणी.

गाडी बोलावली. रुग्णालयाच्या दारातच सिस्टरनं विचारलं, गळतं कधीपासून? मी तोंड उघडलं, आणि सून आधी बोलली. डोळे मिटून. "घरी आले त्या दिवसापासून. वाकलं की धार लागते. खारट लागतं."

खारट.

सर्दी नव्हती ती. मेंदूभोवतीचं पाणी होतं. ठिगळ एका कडेनं सुटलं होतं. पाणी बाहेर येत होतं आणि त्याच वाटेनं घाण आत जात होती.

ताड आला. चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "वीस तारखेला आमच्याकडून फोन आला होता ना? हेच विचारलं होतं."

सून म्हणाली, "मला सांगायला जमलं नाही."

खोटं बोलली. एकशे चार तापात, माझ्यासाठी, मी शेजारी उभी असताना.

मी म्हटलं, "फोन मी उचलला. सर्दी मी सांगितली." आवाज उंदराएवढा निघाला.

२४ फेब्रुवारी

ठिगळ पुन्हा लावलं. वरचा दाब उतरावा म्हणून पाठीच्या कण्यात नळी घातली. ताप तसाच.

२५ फेब्रुवारी

तसाच.

२६ फेब्रुवारी

माझ्या एका उत्तरानं मी तिला मारलं असतं. एवढंच लिहायचं होतं.

४ मार्च

ताप उतरला. दोन दिवस झाले, पुन्हा चढला नाही. म्हणून लिहायला धजले.

आज तिच्या खाटेशी एकटी होते. विचारलं, "तेव्हा मला का नाही सांगितलंस? मी फोन धरून तुझ्याकडेच बघत होते."

म्हणाली, "तुम्ही बोलत होतात."

टोमणा नव्हता. टोमणा मला लगेच कळतो, मी घाऊक व्यापारी आहे त्यातली. तिनं साधं सांगितलं, बाहेर पाऊस होता म्हणून सांगावं तसं.

९ एप्रिल

मुखवटा केला तिचा. किरणं द्यायची तर डोकं रोज त्याच जागी हवं, केसाइतकंही इकडे तिकडे नको. जाळीचा एक पत्रा, प्लास्टिकचा, गरम पाण्यात टाकला की ओल्या फडक्यासारखा मऊ होतो. तो तोंडावर पसरला आणि दोघांनी बोटांनी दाबला — कपाळ, नाक, हनुवटी. चार मिनिटांत टणक. मला दारातून बघू दिलं.

गार झाल्यावर उचलला तर सुनेचं तोंड, पण आत कुणी नाही. मी नजर वळवली. इतक्या वर्षांत तिचं नाक एवढं सरळ आहे हे बघितलं नव्हतं.

किरणांच्या डॉक्टरीणबाई बुटक्या, हसऱ्या. सगळं समजावून सांगतात, दोनदा. सुनेला विचारलं, "बंद जागेची भीती वाटते का?" सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बराच वेळ. घड्याळ बंद होतं. शेवटी ती म्हणाली, "वाटते." बाई म्हणाल्या, "मग हात हलवायचा, लगेच थांबवू." बघा, विचारल्यावर सांगते.

१६ एप्रिल

किरणं सुरू. आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे. मुखवटा तोंडावर ठेवतात आणि टेबलाला खटक्यांनी आवळतात. खट्, खट्, खट्. मग सगळे बाहेर येतात आणि हातभर जाडीचं दार लावतात. आत ती एकटी. सगळे शहाणे बाहेर, ती आत! मी बाईंना म्हटलं, "एवढं चांगलं औषध आहे तर तुम्ही का पळता?"

हसल्या. म्हणाल्या, आम्ही रोज इथे असतो, तिला मोजूनच द्यायचंय.

"मग मधलं भाजत नाही का? किरणं दाण्यापर्यंत जातात, तर वाटेतला मेंदू?"

म्हणाल्या, यंत्र तिच्याभोवती फिरत राहतं. वेगवेगळ्या बाजूंनी थोडं थोडं. एका जागी सगळं पडतं ते फक्त दाण्यावर.

हे मला कळलं. इस्त्री फिरती ठेवली तर कापडाला काही होत नाही, थांबली की डाग. पुस्तकात नसेल, पण चाळीस वर्षं तेच केलंय. तरी त्या वीस मिनिटांत मी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली. यंत्र फिरायचं थांबलं तर? कुणाचा हात चुकला तर? माझा चुकलाच होता.

२ मे

कानामागचे केस गेले, रुपयाएवढे. तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं म्हणते. दुपारी बसल्या जागी झोपते, हातात वाटी तशीच.

इतकी वाळली की मुखवटा सैल झाला. गालापाशी बोट जाईल एवढा. बाई म्हणाल्या, आणखी उतरली तर नवा करावा लागेल, दोन दिवस मोडतील. माझी सवय म्हणजे ताट समोर आदळायचं — खा! आज जीभ चावली. म्हटलं, "अंडं की सूप?"

तिला सुचेचना. अकरा वर्षं झाली लग्नाला, बहुतेक पहिल्यांदाच विचारलं असेल कुणी.

"सूप. मीठ कमी."

मीठ कमी! अकरा वर्षं माझं खारट गिळलं बाईनं.

३ जून

संपलं. मुखवटा घरी न्यायचा का विचारलं. सून म्हणाली, नको. टिटवी म्हणाली, हवा. सुनेचं ऐकलं.

डावा डोळा आता थोडा पुढे जातो. चष्म्याला एक तिरकी काच लावून दिलीय, तिच्यातून एकच दिसतं. एकच ढेप, एकच सासू. म्हटलं, "निम्मा त्रास कमी झाला असेल." हसली. आवाज करून हसली!

१८ जुलै

दुकानात येते. फक्त रुमाल करते. घड्या सुरेख.

भीती अजून आहे. कमी झाली असं वाटतं, आणि मग ती शिंकते.

२२ सप्टेंबर

फोटो पुन्हा काढला. आज निकाल.

देठावरचा दाणा निपचित. बाजूचा वाढला. वाटाण्याएवढा झालाय. दिलेली किरणं त्याला पुरली नाहीत, आणि त्याच जागी इतक्या लवकर पुन्हा तेवढी देता येत नाहीत. आता कानामागून कवटी उघडायची. ताडनं काहीच लपवलं नाही. त्या अंगाला आवाजाच्या शिरा आहेत, गिळायच्या आहेत, मोठी रक्तवाहिनी आहे. निघेलही सगळं. किंवा अपंगत्व येईल. किंवा उठणारच नाही.

नाही केलं तर? तर वाटाणा वाढत राहील.

ढेप म्हणाला, नको. आता नको तिला अजून काही. इतकं मोठ्यानं म्हणाला की बाहेरच्या टेबलावरची मुलगी डोकावली.

ताड सुनेकडे बघत थांबला. मी दातांत जीभ धरली. खरंच धरली, रक्ताची चव आली. माझ्याकडे उत्तर तयार होतं. दोन होती, आणि मला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

सून म्हणाली, "करा."

मग ढेपेला म्हणाली, "अहो, टिटवीला ओरडायचंय मला अजून. आजवर सगळं आईंनीच ओरडलं. माझी पाळीच आली नाही."

मी ढेपेला रुमाल दिला. त्यानं वापरून ओला परत दिला, मग मी कोरडी बाजू शोधली.

१२ ऑक्टोबर

दाखल केली. उद्या सकाळी.

सिस्टर कागद घेऊन आली. हे आहे का, ते आहे का, दात खोटे आहेत का. सुनेनं एकेक उत्तर दिलं. मी खिडकीशी उभी राहून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघत होते. पिळल्या नव्हत्या नीट. मग सिस्टर म्हणाली, "तुम्ही स्वतः सांगू शकत नसलात, तर तुमच्या वतीनं कुणाला विचारायचं? एक नाव लिहा."

ढेपेनं खिशातून पेन काढलं. सुनेनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि लिहिलं. सिस्टरनं वाचलं, "नातं — सासू?"

मला वाटलं, चुकून.

"अगं, नवरा समोर उभा आहे तुझा."

"यांना विचारलं तर हे रडतील," ती म्हणाली. ढेपेनं मान हलवली. खरंच होतं ते, रडतच होता.

"आणि मी चुकीचं उत्तर देते. दिलंय एकदा. मरता मरता वाचलीस."

"म्हणूनच. तुम्ही आता घाईनं नाही देणार."

भांडले मी. वॉर्डात, सगळ्यांसमोर. म्हटलं, खोड ते नाव, मला जमणार नाही, म्हातारी आहे मी, चौथी शिकलेय. तिनं पेन ढेपेच्या खिशात परत खोचलं आणि टोपण नीट लावलं.

घरी येऊन टिटवीला खरं सांगितलं. नाकात काही अडकलं नव्हतं, डोक्यात आहे, उद्या काढतील, मला भीती वाटते. ती म्हणाली, "मला माहीत होतं. आईनं सांगितलं होतं मला. जानेवारीतच."

म्हणजे या घरात खरं सांगायच्या वेळी मीच तेवढी गप्प होते.

१३ ऑक्टोबर

दुपारचे दोन. हिरवी खुर्ची. मांडीवर धरून लिहितेय, अक्षर लागलं तर वाच.

आत्ता दार उघडलं. ताड. माझं नाव घेतलं, ढेपेचं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं — वाटाणा निघाला, शेवटचा पापुद्रा राहिलाय. तो आवाजाच्या आणि गिळायच्या शिरेला वेढून बसलाय, फोटोत दिसलं नव्हतं. काढला तर दोरा मुळापासून गेला असं म्हणता येईल, पण तिचा आवाज जाईल, कदाचित पोटात नळी घालून जगावं लागेल. ठेवला तर पुन्हा वाढू शकतो. तिच्याशी हे बोलणं झालेलं नाही. तुम्ही सांगा.

ढेपेनं माझा दंड धरला.

मी विचारलं, "आज ठेवलात, तर नंतर काढता येईल?"

"अवघड जाईल. पण येईल."

"ती उठेल?"

"उठायला हवी."

"मग ठेवा. टाके घाला, तिला शुद्धीवर आणा, आणि हे जे मला सांगितलंत ते सगळं तिला सांगा. दोनदा सांगा. मला विचारू नका, याला विचारू नका. उत्तर तीच देईल."